लेकराला पाळणाघरात ठेवायचे का? नांदेड-लातूरच्या आई-बाबांनी निर्णयाआधी काय तपासावे?

सकाळी साडेआठची वेळ. नांदेडच्या बसस्थानकावर लोहा, कंधार, भोकरकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी शिक्षिका, परिचारिका, बँकेतल्या कर्मचारी महिलांची घाई सुरू असते. लातूरमध्ये हेच चित्र औसा, निलंगा, अहमदपूरच्या गाड्यांजवळ दिसते. रोज अप-डाऊन करणाऱ्या या नोकरदार आईच्या घरी वर्ष-दीड वर्षाचे लेकरू असेल, तर प्रश्न एकच असतो. संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे कोण पाहणार?

आजी-आजोबा गावाकडे असतात किंवा थकलेले असतात. घरी येऊन सांभाळणारी विश्वासू बाई मिळत नाही. मग पाळणाघराचा विषय निघतो आणि घरात दोन तट पडतात. ‘इतक्या लहान लेकराला परक्यांकडे?’ हा एक सूर, तर ‘चार मुलांत राहून हुशार होईल’ हा दुसरा. निर्णय मात्र या दोन वाक्यांवर घेता येत नाही. त्यासाठी काय पाहायला हवे, ते समजून घेऊया.

पाळणाघर, प्ले-ग्रुप आणि अंगणवाडी यांत फरक काय?

चौकशी करताना इथेच पहिला गोंधळ होतो.

• प्ले-ग्रुप : साधारण दोन-अडीच तास. खेळ, गाणी, रंग. नोकरी करणाऱ्या आईचा दिवसभराचा प्रश्न यातून सुटत नाही.

• अंगणवाडी : २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा भाग. ६ महिने ते ३ वर्षांच्या मुलांना घरी नेण्यासाठी पोषण आहार आणि ३ ते ६ वर्षांच्या मुलांना पूर्वप्राथमिक शिक्षण मिळते. नेहमीची अंगणवाडी दिवसभर सांभाळण्यासाठी नसते.

• पाळणाघर : जेवण, झोप, शी-शू, खेळ अशी पूर्ण दिवसाची जबाबदारी.

• अंगणवाडी-सह-पाळणाघर : केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेतील केंद्र. ६ महिने ते ६ वर्षांची मुले इथे ठेवता येतात. केंद्र साधारण साडेसात तास, महिन्यात २६ दिवस चालवण्याचा निकष आहे. आपल्या भागात असे केंद्र आहे का, याची चौकशी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करता येते.

आणि ही कल्पना ‘परदेशी फॅड’ही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात मोठ्या मुलांची शाळा बुडत होती. म्हणून तिथे पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र चालवण्याचा प्रयोग झाला. ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच कामातून रुळला.

पाळणाघरामुळे मुलावर वाईट परिणाम होतो का?

या प्रश्नावरचा सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेत झाला. १९९१ मध्ये जन्मलेल्या १,३६४ मुलांना देशातील १० ठिकाणी निवडून त्यांच्या वाढीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. त्यातून चार गोष्टी पुढे आल्या.

१. मुलाच्या वाढीवर पाळणाघरापेक्षा घराचा आणि आई-बाबांच्या वागण्याचा प्रभाव जास्त असतो.

२. सांभाळ चांगल्या दर्जाचा असेल, तर भाषा आणि आकलन किंचित चांगले दिसते.

३. मोठ्या गटात फार जास्त तास राहणाऱ्या मुलांत हट्ट, भांडण अशा तक्रारी थोड्या अधिक दिसतात.

४. गटात राहणारी मुले पहिली एक-दोन वर्षे सर्दी, खोकला, जुलाबाने जास्त आजारी पडतात. पुढे हा फरक कमी होतो.

अमेरिकेतले निष्कर्ष नांदेड-लातूरला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरी त्यातून दिशा मिळते. पाळणाघर चांगले की वाईट, असा सरसकट प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. किती तास, किती मुलांमध्ये आणि कुणाच्या हाताखाली, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

आजी घरी आहे, मग पाळणाघर कशाला?

हेच तीन प्रश्न घरालाही लागू होतात. आजीची माया मोठी असते, यात वाद नाही. पण चालायला लागलेल्या लेकरामागे दिवसाचे आठ-नऊ तास पळणे गुडघेदुखी किंवा रक्तदाब असलेल्या साठीतल्या बाईला झेपते का, हे तिला स्पष्ट विचारले जात नाही. तीही ‘नाही’ म्हणायला संकोचते. मग लेकरू मोबाइलसमोर बसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा आहे, त्याहून कमी तर अधिक चांगले. घरी दिवसातून तीन तास कार्टून सुरू राहत असेल, तर ‘घरचा सांभाळ’ एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

मधला मार्गही असतो. सकाळी पाळणाघर आणि दुपारच्या जेवणानंतर आजी, अशी विभागणी केली तर आजीवरचा भार आणि लेकराचे गटातले तास दोन्ही कमी होतात.

तासांचा हिशेब : ड्युटी नव्हे, दाराबाहेरचा वेळ मोजा

ड्युटी सात तासांची असली तरी लेकरू आई-बाबांविना राहते तो वेळ वेगळा असतो. समजा, आई सकाळी ९ ला निघते आणि संध्याकाळी साडेसहाला परतते. म्हणजे साडेनऊ तास. एसटी चुकली, तर दहा.

म्हणून चौकशीच्या वेळी हे विचारा : पाळणाघर बंद कधी होते? उशीर झाला तर लेकराजवळ कोण थांबते? शनिवारी आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्यांत सुरू असते का?

बाबांचे कामाचे ठिकाण गावातच असेल, तर आणणे किंवा सोडणे यांतील एक काम त्यांच्याकडे आले तरी लेकराचे एक-दोन तास वाचतात.

फी आईच्याच पगारातून का वजा करायची?

‘पगारातला एवढा हिस्सा पाळणाघरालाच जाणार, तर नोकरी कशाला?’ हे वाक्य अनेक घरांत ऐकू येते. या हिशेबात चूक आहे. लेकरू दोघांचे आहे, त्यामुळे फीची तुलना घराच्या एकूण उत्पन्नाशी व्हायला हवी.

दुसरे म्हणजे, आज नोकरी सोडली तर फक्त आजचा पगार जात नाही. वेतनवाढ, भविष्य निर्वाह निधी आणि सलग अनुभवही थांबतो. दोन-तीन वर्षांनी तीच नोकरी त्याच पगारावर परत मिळेल, याची खात्री नसते. स्त्रियांच्या रोजगाराचा इतिहास मांडणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. श्रीमंत देशांत आता स्त्री-पुरुषांच्या कमाईतील दरी प्रामुख्याने पहिल्या मुलाच्या जन्मानंतर रुंदावते, असे त्यांच्या संशोधनातून दिसते.

काही काळ घरी थांबणे हाही योग्य निर्णय असू शकतो. फक्त तो पूर्ण हिशेब समोर ठेवून घेतलेला असावा.

पाळणाघर पाहायला गेल्यावर काय तपासाल?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी किमान निकष जाहीर केले. खासगी पाळणाघर पाहतानाही पालकांना तीच मोजपट्टी वापरता येते.

• माणसे किती? ३ वर्षांखालील १० मुलांमागे किमान एक प्रशिक्षित ताई. ३ वर्षांवरील २० मुलांमागे एक. शिवाय मदतनीस. एकटी ताई १५ तान्ह्या मुलांना सांभाळत असेल, तर दुसरे पाळणाघर शोधा.

• ताई टिकतात का? दर दोन महिन्यांनी माणसे बदलत असतील, तर लेकरू कुणावरच विसंबत नाही.

• पाणी : २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये साठवणीची सवय घरोघर आहे. पाळणाघरातही हौद, ड्रम, बादल्या भरलेल्या असणार. त्यावर झाकण आणि न्हाणीघराला बाहेरून कडी हवीच. थोड्याशा पाण्यातही रांगणारे मूल बुडू शकते.

• उन्हाळा : एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपुढे जातो. पत्र्याच्या खोलीत मुले दुपारी झोपतात का? वीज गेल्यावर इन्व्हर्टर आहे का?

• जेवण, औषध, लस : डबा घरचा की तिथला? तापाचे औषध कुणाला विचारून दिले जाते? प्रवेशावेळी लसीकरणाचे कार्ड मागतात का? मागत असतील, तर ती चांगली खूण आहे.

• न सांगता भेट : पालकांना कोणत्याही वेळी आत येऊ देतात का? या प्रश्नावर टाळाटाळ झाली, तर पुढे काही विचारण्याची गरज नाही.

भेट दुपारी जेवणाच्या वेळी द्या. गर्दीत रडणाऱ्या मुलाला ताई कशा घेतात, ते तेव्हाच दिसते.

सीसीटीव्ही आहे, म्हणजे झाले?

नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला आया मारहाण करत असल्याचे उघड झाले आणि राज्य हादरले. तिथे कॅमेरा होता. पण तो असताना मारहाण थांबली नाही. मुलीच्या अंगावरच्या जखमांमुळे संशय आला आणि मग चित्रीकरण पाहिले गेले.

त्यामुळे कॅमेऱ्याबरोबरच, चित्रीकरण रोज कोण पाहते, हेही विचारा. आणि रोज संध्याकाळी आंघोळ घालताना लेकराचे अंग नीट पाहा. शंका आली, तर चाइल्ड हेल्पलाइन १०९८ किंवा ११२ वर संपर्क साधता येतो.

कायदा काय देतो?

• पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा.

• ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ देणे बंधनकारक. हा ५० चा आकडा फक्त महिलांचा नाही, सर्व कर्मचाऱ्यांचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अनेक आस्थापना एकत्र येऊन सामायिक पाळणाघर चालवू शकतात. एमआयडीसीतील कारखान्यांना हा मार्ग खुला आहे.

• राज्य सरकारी महिला कर्मचाऱ्यांना मूल १८ वर्षांचे होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा टप्प्याटप्प्याने घेता येते. आपल्या आस्थापनेला ती कशी लागू आहे, याची खात्री करून घ्या.

पहिले पंधरा दिवस कसे असावेत?

आईपासून दूर होण्याची भीती साधारण १० ते १८ महिन्यांच्या काळात सर्वाधिक असते. त्यामुळे या वयात लेकरू रडणारच. नोकरीवर रुजू होण्याच्या आदल्या दिवशी प्रवेश घेऊ नका, किमान दोन आठवडे हाताशी ठेवा.

सुरुवातीचे काही दिवस आई किंवा बाबांनी तासभर सोबत बसावे. मग अर्धा तास बाहेर जावे. मग जेवणापर्यंत आणि शेवटी झोपेपर्यंत वेळ वाढवावा. नजर चुकवून पळू नका. ‘येते हं’ सांगून निघा आणि सांगितलेल्या वेळी परत या. घरची चादर किंवा आवडते खेळणे सोबत द्या.

सोडताना रडले आणि थोड्या वेळाने खेळायला लागले, तर ते रुळते आहे. पण तीन-चार आठवड्यांनंतरही दिवसभर रडणे, एका ठरावीक व्यक्तीला पाहून घाबरणे, वजन घटणे, घरी आल्यावर अवेळी गुंगीत असणे किंवा अंगावर कारण न कळणारे वळ दिसणे ही धोक्याची चिन्हे आहेत. लेकराला तिथे पाठवणे थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

थोडक्यात

• घर असो वा पाळणाघर, तास, मुलांची संख्या आणि सांभाळणारी व्यक्ती हीच मोजपट्टी ठेवा.

• किमान दोन-तीन पाळणाघरे पाहा आणि त्यातील एकदा तरी न सांगता जा.

• आजीला ‘सांभाळशील ना?’ असे विचारू नका. ‘किती तास झेपेल?’ असे विचारा.

• एक महिना ठरवून पाहा आणि महिनाअखेर दोघांनी बसून पुन्हा विचार करा. एकदा नाव घातले म्हणून लेकराला तिथेच ठेवायला हवे, असे नाही. जमले नाही तर वेळ, जागा किंवा संपूर्ण बेत बदलता येतो.