१६० चिन्हांचं जग, सत्तरात मराठी

२०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. जवळपास अख्ख्या जर्मनीच्या लोकसंख्येएवढा हा आकडा. त्याच जनगणनेत इंग्रजीला मातृभाषा म्हणणारे निघाले जेमतेम २ लाख ६० हजार. म्हणजे भारतात इंग्रजी मातृभाषेच्या एका माणसामागे ३२० मराठी माणसं! तरीही मोबाइल हातात आला आणि यातली कितीतरी माणसं रोमन लिपीत मराठी लिहू लागली. सुरुवातीच्या फोनमध्ये देवनागरी नव्हतीच. पण ती आल्यावरही सवय का सुटली नाही? इंग्रजीच्या वेडाला दोष देण्याआधी एक हिशेब पाहू.

१९८५ साली जर्मनीतल्या बॉन शहरात फ्रिडहेल्म हिलब्रांट हे दूरसंचार अभियंते टंकलेखन यंत्रावर मनात येतील ती वाक्यं टंकत बसले. अक्षरं, विरामचिन्हं, मोकळ्या जागा, सगळं त्यांनी मोजलं. बहुतेक वाक्यं १६०च्या आत बसली आणि मोबाइल संदेशाची मर्यादा ठरली १६०. संदेशाच्या पाकिटात जागा १,१२० बिटांची. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० मावतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला लागतात १६ बिट. भागाकार करा, उरतात ७०. रोमन मजकुरात देवनागरीचं एक अक्षर जरी घुसलं, तरी सबंध संदेशाची मर्यादा सत्तरावर येते.

त्यातही यंत्राची मोजणी आपल्यासारखी नाही. ‘शुभेच्छा’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात. यंत्र उकार, मात्रा, काना आणि पाय मोडण्याची खूणही वेगळी धरतं आणि आठ मोजतं. आता हा नेहमीचा मजकूर घ्या: ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. पाटील परिवार’. मोजून ७० चिन्हं, संदेश काठोकाठ भरला. पाटलांच्या जागी कुलकर्णी आले की ७३ होतात आणि संदेशाचे दोन तुकडे पडतात. पैसेही दोन संदेशांचे. हाच मजकूर रोमन लिपीत सुमारे ८० चिन्हांत संपतो. निम्मं पाकीट रिकामंच राहतं.

एका घराचा हा हिशेब. बँक किंवा सरकारी खातं दीडशे चिन्हांची सूचना एक कोटी लोकांना पाठवतं तेव्हा काय होतं? रोमन लिपीत एक कोटी संदेश. देवनागरीत तुकडे जोडायच्या खुणांनाही जागा द्यावी लागते, म्हणून दर तुकड्यात ६७ चिन्हंच मावतात. दीडशेचे तीन तुकडे, म्हणजे तीन कोटी संदेश. वरच्या साहेबाला मराठीचा कितीही कळवळा असला, तरी खर्चाच्या रकान्यात इंग्रजी स्वस्त दिसते. मराठीवर कुणी बंदी घातली नाही, पण तिचं भाडं तिप्पट झालं.

आणि हे बदलता येतं. तुर्कीतल्या काही अक्षरांमुळेही संदेशाची मर्यादा अशीच सत्तरावर घसरायची. पुढे जागतिक मानकात तुर्कीसाठी अक्षरांचा वेगळा तक्ता आला. नंतर हिंदी, बंगाली, तमिळ अशा भारतीय भाषांचेही तक्ते त्यात आले. पण तक्ता कागदावर असून भागत नाही. तो फोनमध्ये आणि कंपन्यांच्या यंत्रणेत उतरावा लागतो. त्यासाठी लागणारा रेटा आपण लावला नाही.

व्हॉट्सअॅपवर आज ही मर्यादा नाही. मोजणी मात्र थांबलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपं मजकुराचे तुकडे करतात आणि कंपन्या बहुधा तुकड्यांवर दर लावतात. त्याच आशयाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा मराठीचे तुकडे सहसा जास्त पडतात. बॉनमध्ये मोजणी झाली तेव्हा देवनागरीच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं. आजचे तक्ते आपल्या डोळ्यांसमोर ठरत आहेत. तिथे मराठी जाणणारे अभियंते पाठवणं, त्यांच्या कामाला सरकारी पैसा देणं आणि ग्राहक म्हणून मराठी संदेश हक्काने मागणं, ही तीन कामं आपल्या हातातली आहेत. ८ कोटी ३० लाखांची खरी ताकद या मागणीतच दिसेल.