फोन बदलावा कीं त्याची प्रणाली बदलावी?

हातांतील फोन मनाजोगता चालेनासा झाला म्हणजे मनुष्यापुढें दोन मार्ग असतात. तो टाकून प्रतिस्पर्धी कंपनीचा दुसरा घ्यावा, हा एक. आणि फोनचें शरीर तेंच ठेवून त्याच्या आंतील प्रणाली आपल्या सोयीप्रमाणें पालटावी, हा दुसरा. पहिला मार्ग द्रव्याचा व दुसरा श्रमाचा, असें सामान्यतः समजलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. या मार्गांनीं बरीं होणारीं दुखणीं मुळांतच निराळीं आहेत, आणि म्हणून आधीं दुखणें कोठें आहे तें पाहावें लागतें.

आपल्याच भाषेचें उदाहरण घेऊं. अँड्रॉइड प्रणालीचा पहिला फोन २००८ सालीं विक्रीस आला. त्या प्रणालीच्या आरंभींच्या कित्येक यंत्रांवर मराठी मजकूर उघडला असतां अक्षरांच्या जागीं रिकामे चौकोन दिसत. कारण यंत्रांत देवनागरीचा फॉन्टच नसे. तेव्हां कांहीं हौशी लोकांनीं फोनच्या मूळ भागांत शिरण्याचा अधिकार मिळवून (यास ‘रूट करणें’ म्हणतात) तेथें देवनागरी फॉन्ट नेऊन ठेवला. चौकोन गेले, अक्षरें आलीं. परंतु ‘किरण’ या शब्दांतील वेलांटी ‘क’च्या अलीकडे न दिसतां पलीकडे दिसूं लागली, आणि जोडाक्षरें पाय मोडून सुटींच उभीं राहिलीं. याचें कारण मोठें मौजेचें आहे. ‘कि’ हें अक्षर यंत्र आधीं ‘क’ व मग वेलांटी याच क्रमानें सांठवितें. ती वेलांटी अलीकडे आणून मांडणें हें एकट्या फॉन्टचें काम नव्हे, तर अक्षरें जुळविणाऱ्या एका निराळ्या यंत्रणेचें आहे. ती यंत्रणा प्रणालींत नसेल तर फॉन्ट कितीही सुरेख असला तरी व्यर्थ. ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्यें अवघड लिप्या चित्ररूपानें दाखविण्याची एक सोय होती. तिच्या आधारानें पुष्कळांनीं वेळ निभावून नेली. पुढें अँड्रॉइडच्या मूळ प्रणालींतच देवनागरीची नीट व्यवस्था झाली, आणि त्या खटपटीचें कारणच उरलें नाहीं.

आतां प्रणाली पालटतां येते ती कशामुळें? अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असून तिच्या मूळ संहितेचा मोठा भाग गूगल कंपनी सर्वांस खुला करते. त्यावरून स्टीव्ह कॉन्डिक यानें २००९ सालीं सायनोजेनमॉड नांवाची प्रणाली तयार करण्यास आरंभ केला. जगभरच्या स्वयंसेवकांनीं ती वाढविली. २०१४ सालचा वनप्लस वन हा फोन तर तिच्याच व्यापारी आवृत्तीसह विकला गेला. २०१६ च्या अखेरीस मागील कंपनीनें हें काम सोडलें, परंतु संहिता खुली असल्यामुळें तीच परंपरा लिनीएजओएस या नांवानें पुढें चालू राहिली. कंपनीनें ज्या फोनकडे पाठ फिरविली त्यास नवीन आवृत्ती मिळते ती बहुधा अशाच लोकांच्या परिश्रमानें.

मात्र दाराशीं पहारेकरी असतो. फोन सुरू होतांना प्रथम जागा होणारा जो लहानसा प्रोग्राम, त्यास बूटलोडर म्हणतात. निर्मात्याची खूण पटल्याविना तो कोणत्याही प्रणालीस आंत घेत नाहीं. त्याचें कुलूप काढण्याची परवानगी कांहीं कंपन्या देतात, कांहीं देत नाहींत. हुआवे कंपनीनें २०१८ सालीं ती देणें बंद केलें. कुलूप रीतसर काढतांच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते. हा जाच नव्हे. तसें नसतें तर चोरानें कुलूप काढून आपलीं पत्रें व छायाचित्रें सहज वाचलीं असतीं. (त्या पहिल्या फोनमध्यें तर असा दोष होता कीं, मित्रास लिहितांना ‘रीबूट’ हा शब्द इंग्रजींत टाइप केला कीं फोन खरोखरच बंद होऊन पुन्हां सुरू होई. टाइप केलेलें प्रत्येक अक्षर आंतल्या आंत सर्वाधिकारी आज्ञेच्या रूपानेंही पोंचत होतें! ती फट लवकरच बुजविण्यांत आली.)

कुलूप काढल्याची खरी किंमत आज निराळ्याच ठिकाणीं द्यावी लागते. बँकांचीं व पैसे देण्याघेण्याचीं अनेक अॅपें फोनची मूळ खूण शाबूत आहे कीं नाहीं हें तपासतात, आणि नसल्यास चालण्याचें नाकारतात. सॅमसंगच्या अनेक फोनांत तर परकी प्रणाली घालतांच एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. मागाहून मूळ प्रणाली परत बसविली तरी तो सांधत नाहीं. शिवाय प्रोसेसर व कॅमेरा चालविणारे कांहीं भाग निर्मात्याच्याच स्वाधीन असतात; ते जुने राहिले तर स्वयंसेवकांचा इलाज तेथें थकतो.

फोन बदलण्याविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. बॅटरी, पडदा व वेग एकदम नवे मिळतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यास आपलीं व्हॉट्सअॅपवरील संभाषणें २०२२ पासून नेतां येतात. विकत घेतलेलीं अॅपें मात्र बहुधा पुन्हां विकत घ्यावीं लागतात. पण आयफोनची प्रणाली तर अधिकच बंदिस्त! ती फोडून वापरण्यास अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानें २०१० सालीं सूट दिली खरी. तथापि अॅपल कंपनी प्रत्येक नव्या आवृत्तींत त्या वाटा बुजवीत राहते. म्हणजे जो स्वातंत्र्यासाठीं घर बदलतो, त्यास तेथें अधिक उंच कुंपण भेटावयाचें.

आमच्या मतें, शरीर धडधाकट असून निर्मात्यानें सुरक्षेच्या सुधारणा देणें थांबविलें असेल, तर असा जुना फोन वाचन, संगीत व प्रयोग यांसाठीं राखून त्याची प्रणाली अवश्य पालटावी. ज्यावर घरच्यांचे पैशांचे व्यवहार चालतात त्या एकुलत्या एक फोनवर हा प्रयोग करूं नये. नवीन घेणें प्राप्तच असेल तर कंपनीच्या नांवापेक्षां सुधारणांची मुदत पाहावी. गूगलनें २०२३ च्या पिक्सेल ८ पासून व सॅमसंगनें २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ पासून सात वर्षांची हमी दिली आहे. आणि प्रणाली घालावयाचीच, तर फोनच्या नांवावर विसंबूं नये, मॉडेल क्रमांक पाहावा. सॅमसंगच्या कित्येक गॅलॅक्सी फोनांत एकाच नांवाखालीं भारतांत एक व अमेरिकेंत दुसराच प्रोसेसर असे. एकाची प्रणाली दुसऱ्यांत घातली तर फोन सुरूच होत नाहीं.