पाऊस पाहून माल भरणारा दुकानदार

हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकाने किती मिलिमीटर दाखवले, त्यातलं माणसांना किती, जनावरांना किती आणि शेतीला किती उरेल, याचा हिशोब ग्रामसभेसमोर येतो आणि त्यावर रब्बीची पिकं ठरतात. गाव नगर तालुक्यातलं, पर्जन्यछायेतलं. सरासरी पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही येईल तेव्हा. पोपटराव पवार सरपंच झाल्यापासून तिथे श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस-केळी लावायची नाही, हे निर्णयही गावानेच घेतले. हा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. पण अशा गावांच्या पाण्यावर आणखी एका माणसाचं पोट अवलंबून असतं, त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. तो म्हणजे तालुक्याच्या पेठेतला मोटारी, इंजिनं आणि शेतीची अवजारं विकणारा दुकानदार.

हिवरे बाजारसारख्या गावांची पेठ म्हणजे नगर. कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच. या पेठेतल्या जुन्या यंत्र-दुकानदाराला गावागणिक गिऱ्हाईक वेगळं ओळखावं लागतं. हिवरे बाजारात खोल बोअरची सबमर्सिबल खपणार नाही, कारण गावाने शेतीसाठी बोअरच बंद केलंय. तिथे विहिरीवरची मोनोब्लॉक लागेल, ठिबकचं साहित्य लागेल. दूध दिवसाला दीडशे लिटरवरून चार हजारांवर गेलेलं गाव आहे, म्हणजे कडबाकुट्टी लागेल, दूध काढायचं यंत्र लागेल. शेजारच्या गावात हिशोब निराळा. हे ज्ञान कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नसतं. ते उधारीच्या वहीत आणि दुकानदाराच्या डोक्यात असतं.

किर्लोस्करांचीही सुरुवात दुकानापासूनच झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. कारखानदार ते पुढे झाले. १९१० साली नगरपालिकेने जागा घेतल्यावर बेळगाव सोडावं लागलं, औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याआधी, लोखंडी नांगर तयार झाला तेव्हा पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं लागली असं सांगतात. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्याचा समज होता. तो समज जाहिरातीने जाणारा नव्हता. नांगर शेतात चालवून दाखवावा लागला, मोडला तर दुरुस्त करून देऊ असं सांगावं लागलं. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत हेच काम डीलरने केलं.

पाच अश्वशक्तीचं डिझेल इंजिन ज्यांनी वापरलंय त्यांना यातली कसरत माहीत आहे. कॉम्प्रेशनचा खटका वर करायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, मग खटका खाली सोडायचा. इंजिन दोनदा धाडधाड करून चालू लागलं तर नशीब. नाही लागलं तर नोझल काढून दुकानात न्यायचं. दुकानदार ते टेस्टरला लावून हँडल दाबतो, फवारा बारीक धुक्यासारखा उडतो की धार पडते ते बघतो, आणि धार पडली की मान हलवतो. पंप पाणी सोडत असेल तर तो आधी फुटबॉल तपासायला सांगतो. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हला आपल्याकडे फुटबॉलच म्हणतात. पॅकिंगची दोरी, वॉशर, कपलिंगचं रबर, मोटार जळली तर वाइंडिंगवाला, हे सगळं त्याच एका पेठेत मिळतं. मोटार उन्हाळ्यात जळते आणि उभं पीक चार दिवसांत मान टाकतं. त्यामुळे रात्री नऊला शटर अर्धं वर करून पार्ट देणाऱ्या माणसाची किंमत शेतकऱ्यालाच कळते.

या व्यवहाराला उधारीचा आधार होता. कांदा विकल्यावर देतो, दुधाचा पगार झाल्यावर देतो, एवढ्या शब्दावर पंप जायचा. सरकारी अनुदान आलं तरी उधारी संपली नाही. महाडीबीटीच्या पद्धतीत पूर्वसंमती मिळाल्यावर शेतकऱ्याने यंत्र आधी विकत घ्यायचं असतं, बिल चढवायचं असतं, तपासणी व्हायची असते आणि अनुदान मागाहून खात्यावर येतं. मधल्या काळातले पैसे बहुतेक वेळा दुकानदारच थांबवून धरतो. शासनाच्या योजनेत त्याचा हा वाटा कुठेही नोंदलेला नसतो.

कंपन्यांचं गणित तारखेवर चालतं. महिनाअखेर आली की बिलिंगचा तगादा सुरू होतो. पाऊस झाला नाही, पेठ थंड आहे, असं सांगून भागत नाही. कंपनीने डीलरला पाठवला की माल कंपनीच्या हिशोबात विकला गेला. तो शेतकऱ्याच्या दारात गेला का, हा प्रश्न डीलरचा आणि त्याच्या बँकेच्या व्याजाचा. मोटारगाड्यांच्या धंद्यात हे उघड आकड्यांनी दिसलं. २०२४ च्या सप्टेंबरात देशभरच्या डीलरांकडे ८० ते ८५ दिवसांच्या विक्रीइतक्या गाड्या पडून होत्या, तर डीलरांची संघटना ‘फाडा’ २१ दिवसांचा साठा पुरेसा मानते. जिथे पाऊसच ग्राहक पाठवतो त्या ट्रॅक्टर आणि पंपाच्या दुकानदाराला हा दबाव जास्त जाचक होतो.

टार्गेटच्या जोडीला बाकीच्या अटी येतात. शोरूम अमुक चौरस फुटांचं हवं आणि हमरस्त्याला हवं. पाटीचा रंग, फरशी, टेबलं कंपनी सांगेल तीच. संगणकप्रणाली त्यांची, बँक गॅरंटी आपली. दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही. ही शेवटची अट मला सर्वांत घातक वाटते, कारण जुन्या दुकानाचं बळ चार कंपन्यांचे पार्ट एका छपराखाली मिळण्यातच होतं. बाजारगल्लीतल्या वीस फुटी गाळ्यात तीन पिढ्या धंदा केलेल्या माणसाने कर्ज काढून बायपासला काचेचं शोरूम बांधायचं, की एजन्सी सोडायची? बांधलं तरी शाश्वती नाही. करार कंपनीने लिहिलेला असतो, मुदतीचा असतो, आणि नूतनीकरण तिच्या मर्जीवर असतं. वर्ष-दोन वर्षांनी त्याच तालुक्यात दुसरा डीलर नेमला गेला तर दाद मागायला जागा नाही.

कंपनीच निघून गेली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, आणि तळेगावचा त्यांचा कारखाना २०२० च्या डिसेंबरात बंद झाला. २०२१ च्या सप्टेंबरात फोर्डने भारतातलं उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. तेव्हा ‘फाडा’ने सांगितलेला आकडा होता १७० डीलर आणि त्यांची सुमारे दोन हजार कोटींची गुंतवणूक. अमेरिकेत डीलरला वाहन कंपनीविरुद्ध न्यायालयात उभं राहण्याचा हक्क देणारा केंद्रीय कायदा १९५६ पासून आहे, शिवाय राज्यांचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे डीलर संरक्षणाचा स्वतंत्र कायदा अजून नाही. स्पर्धा आयोगाने काही वेळा कान पिळले. २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न दिल्याबद्दल २,५४४ कोटींचा दंड केला. २०२१ मध्ये डीलरने ग्राहकाला किती सूट द्यायची यावर बंधन घातल्याबद्दल मारुतीला २०० कोटींचा दंड केला. पण आयोगाकडे बाजाराची तक्रार जाते. एका तालुक्यातल्या एका दुकानदाराची एजन्सी काढून घेतली, तर तो दिल्लीला कशाच्या जिवावर जाणार?

पंपाच्या पेठेवर नवा दाब आलाय तो एका चांगल्या योजनेतून. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाचचा आणि त्यावर साडेसातचा पंप मिळतो. रात्रीच्या विजेसाठी अंधारात विहिरीवर जाणं टळतं, बिबट्याची आणि सापाची भीती टळते. योजना हवीच. पण पंप पुरवायचा तो महावितरणच्या यादीतल्या कंपनीने, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमीही तिचीच. यादीत बसायला जी उलाढाल आणि अनामत लागते ती पेठेतल्या दुकानाकडे कुठून असणार? पॅनल, पंप, कंट्रोलर सारं थेट शेतात उतरतं आणि तालुक्याचा दुकानदार ते रस्त्यावरून जाताना बघतो. कंट्रोलर बंद पडला की तक्रार नोंदवायची आणि कंपनीच्या माणसाची वाट बघायची. वाट बघण्याचे ते दिवस पिकाला परवडत नाहीत.

यंत्राची दुरुस्ती कुणाच्या हाती असावी, हा वाद जगभर पेटलाय. अमेरिकेत जॉन डिअरवर तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने २०२५ च्या जानेवारीत खटला भरला. दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर कंपनी फक्त आपल्या अधिकृत डीलरांनाच देते, असा त्यातला आरोप आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने सुरुवातीला जी चार क्षेत्रं निवडली त्यात शेतीची अवजारं होती. पुढे पोर्टलही निघालं. पण नगरच्या पेठेतल्या वाइंडिंगवाल्याला सौर पंपाच्या कंट्रोलरचा नकाशा मिळेल आणि सुटे भाग मिळतील, अशी सक्ती अजून कुणावर नाही.

ती सक्ती योजनेच्या निविदेतच घालता येईल. जी कंपनी ज्या तालुक्यात पंप बसवते तिने त्या तालुक्यातल्या एका दुकानाशी देखभालीचा करार करावा, तिथे कंट्रोलर आणि सुट्या भागांचा ठरावीक साठा ठेवावा, तिथल्या कारागिराला शिकवावं, आणि हमीच्या काळातल्या दुरुस्तीचे पैसे त्याला द्यावेत. डीलरशिपच्या करारातही दोन गोष्टी कायद्याने याव्यात. करार मोडला तर पडून राहिलेला माल कंपनीने खरेदीच्या भावाने परत घ्यावा, आणि तिच्याच सांगण्यावरून बांधलेल्या शोरूमची भरपाई द्यावी. टार्गेट ठरवताना तालुक्याचा पाऊस बघावा, हेही मी याच यादीत घालेन. तो आकडा प्रत्येक महसूल मंडळात रोज मोजला जातो. हिवरे बाजारची ग्रामसभा त्यावर अख्ख्या गावाची पिकं ठरवते. कंपनीच्या विभागीय व्यवस्थापकाला तो फोनवरही मिळेल.