सीमाप्रांतांचा आवाज

सोव्हिएत चित्रपटाने सीमाप्रांतांकडे प्रथम पाहिले, ते मॉस्कोच्या डोळ्यांनी. व्हिक्टर तुरिन यांच्या ‘तुर्कसिब’ (१९२९) या मूक अनुबोधपटाचा नायक तुर्कस्तान व सायबेरिया यांना जोडणारा लोहमार्ग आहे. तेथील माणसे केवळ त्याची वाट पाहणारी. लोहमार्गाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न होता, तो या माणसांच्या वतीने बोलायचे कोणी, हा.

उत्तर १९६५ मध्ये कार्पेथियन पर्वतातून आले. तिबिलिसीत जन्मलेले आर्मेनियन दिग्दर्शक सर्गेई पाराजानोव यांनी ‘विस्मृत पूर्वजांच्या छाया’ हा चित्रपट हुत्सुल लोकांच्या युक्रेनियन बोलीत केला. ४ सप्टेंबर रोजी कीव्ह येथील खेळाच्या वेळी समीक्षक इव्हान झ्यूबा यांनी युक्रेनियन विचारवंतांच्या अटकेचा जाहीर निषेध केला. पुढे १९७३ मध्ये अन्य आरोपांखाली पाराजानोव यांनाही अटक झाली आणि चार वर्षे तुरुंगात काढावी लागली.

केंद्रसत्तेला प्रांतांचे पोशाख चालत, नृत्येही चालत. प्रांतांची भाषा स्वतःच्या अधिकाराने बोलू लागली की मात्र ती राजकारण ठरे. १९९१ साली संघराज्य दुभंगले, ते घटक प्रजासत्ताकांच्या सीमारेषांवरच. चित्रपटांनी ते घडविले नाही. परंतु सीमेवरच्या माणसाला स्वतःचा आवाज आहे, हे पडद्यावर आधीच ऐकू आले होते.