गायरानातला गोल्फ

गोल्फ मी रानीखेतला शिकले. ह्यांची तिथे बदली झाली होती आणि कुमाऊँ रेजिमेंटच्या नऊ होलच्या कोर्सवर सकाळच्या वेळी आम्हा बायकांनाही खेळायला मिळायचं. पुढे बदल्या होत गेल्या, गावं बदलली, पण बॅग सोबत राहिली. म्हणून ओळखीचे लोक विचारतात, एवढी खेळलीस तर मुद्दाम प्रवास करून जावं असं मैदान कुठलं? त्यांना स्कॉटलंडमधल्या प्रसिद्ध सेंट अँड्र्यूजचं नाव ऐकायचं असतं. मी अस्कर्निश सांगते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला अटलांटिक महासागरात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची लांबलचक माळ आहे. तिच्यातल्या साउथ उइस्ट या बेटावर अस्कर्निश आहे. आमचा मुलगा ग्लासगोत नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये तो म्हणाला, "आई, चल, तुला समुद्राकाठी खेळवतो." ग्लासगोहून मॅलेगपर्यंत आगगाडी. वाटेत ग्लेनफिननचा एकवीस कमानींचा पूल लागतो, हॅरी पॉटरच्या सिनेमामुळे आता तो पोराटोरांनाही ठाऊक आहे. मॅलेगहून फेरीबोटीने साडेतीन तास. लॉखबॉइस्डेलच्या धक्क्याला उतरलो तेव्हा पाऊस वरून न पडता बाजूने येत होता आणि ह्यांनी उघडलेली छत्री क्षणात उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ऊन पडलं, आणि मी जे पाहिलं त्यासाठीच हे लिहायला बसले आहे.

समुद्र आणि डोंगर यांच्या मधे हिरवी सपाट पट्टी, आणि ती फुलांनी भरलेली. पिवळी, पांढरी, जांभळी, घोट्याएवढ्या उंचीची. गेलिक भाषेत या जमिनीला जो शब्द आहे त्याचा उच्चार साधारण 'माखर' असा होतो. कानावर पडला तेव्हा मला गणपतीचं मखरच आठवलं. अशी जमीन स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यांखेरीज जवळपास कुठे नाही. वाकून मूठभर वाळू घेतली. तळहातावर पसरली तर निम्मेअर्धे कण शिंपल्यांचे होते, नखाच्या पापुद्र्यासारखे पातळ, पांढरे आणि गुलाबी. समुद्र शिंपल्यांचा चुरा करतो आणि वारा तो उडवून आत आणून टाकतो. बेटाची मूळची जमीन ओली, काळी, आम्लधर्मी. तिच्यावर हा चुना पसरतो तिथे गवत धरतं, ओट आणि राय पिकते. शेतकरी किनाऱ्यावरचं समुद्रशेवाळ ओढून आणून खत म्हणून घालत आले आहेत.

या शेतकऱ्यांना क्रॉफ्टर म्हणतात. घराभोवती थोडी स्वतःच्या कसणुकीची जमीन आणि त्याशिवाय गावाच्या सामायिक चराईत वाटा. हे ऐकल्यावर मला पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही. माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्याही गावाला गायरान होतं. दोन गायी आणि सात शेळ्या घेऊन मी तिथे लहानपण काढलं. अस्कर्निशचा गोल्फ कोर्स म्हणजे त्या लोकांचं गायरान आहे.

तो तिथे आला कसा, ती गोष्ट सरळ नाही. १८५१ साली या बेटाचा मालक कर्नल जॉन गॉर्डन याने साउथ उइस्ट आणि बॅरा या बेटांवरच्या दीड हजारांहून अधिक गरिबांना घरं सोडायला लावून जहाजांनी कॅनडाला धाडलं. पुढे मालमत्ता त्याच्या सुनेकडे, लेडी गॉर्डन कॅथकार्टकडे आली. १८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना जमिनीवरून हुसकावणं बंद झालं. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८९१ मध्ये, तिने बेटावर पाहुणे यावेत म्हणून गोल्फचं मैदान आखायला सेंट अँड्र्यूजहून ओल्ड टॉम मॉरिसला बोलावलं. हा माणूस गोल्फच्या इतिहासातला मोठा. ब्रिटिश ओपन चार वेळा जिंकलेला, आणि तेव्हा सत्तरीला टेकलेला. त्याने वाळूच्या टेकड्यांमधून अठरा होल आखून दिले. आखून दिले एवढंच. खोदकाम, भराव काही नाही. टेकडी, खळगा, उतार जिथे जसा होता तसाच त्याने खेळात घेतला.

काळाबरोबर ते मैदान विरलं. टेकड्यांतले होल गवताखाली गेले, उरला तो सपाटीवरचा नऊ होलचा साधा कोर्स. २००५ साली गॉर्डन अर्विन हे मैदानांचे जाणकार मासेमारीच्या निमित्ताने बेटावर आले, स्थानिकांबरोबर टेकड्या तुडवल्या, आणि त्यांना जमिनीत जुना खेळ दिसला. मूळ नकाशा उरला नव्हता. इथे चेंडू थांबेल, इथून दिसेल, इथे वाऱ्याला आडोसा आहे, असं बघत बघत अठरा होल पुन्हा शोधले गेले. २००८ मध्ये कोर्स खेळायला खुला झाला.

मधे तंटाही झाला. काही क्रॉफ्टरांना वाटलं, गोल्फच्या नावाखाली चराई हातची जाईल. प्रकरण स्कॉटलंडच्या जमीन न्यायालयापर्यंत पोचलं. बाहेरच्यांनी लिहिलेल्या वर्णनांत त्या लोकांना अडेलतट्टू ठरवलेलं मी वाचलं आहे, आणि ते मला अजिबात पटत नाही. ज्यांच्या पणज्यांना त्याच जमिनीवरून बोटीत बसवून पाठवलं, त्यांनी कागद दोनदा तपासून बघितला तर त्यात चुकलं काय? आज गोल्फही आहे आणि हिवाळ्यात गुरं-मेंढ्याही तिथेच चरतात. शिवाय २००६ साली बेटवासीयांनी स्वतःची संस्था काढून सुमारे ९३ हजार एकरांची ती सगळी जहागीर विकत घेतली. मालक आता तेच आहेत.

आपल्याकडे गोल्फ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पाण्याचे फवारे येतात आणि राग येतो. मी दुष्काळी माणची आहे. हंड्याच्या रांगेत मी उभी राहिलेली आहे, त्यामुळे तो राग मला माझाच वाटतो. अस्कर्निशच्या फेअरवेला, म्हणजे चेंडू मारत जायच्या गवताळ पट्ट्यांना, फवारे नाहीत. रासायनिक खतं आणि कीटकनाशकं वापरत नाहीत. हा खेळ मुळात असाच होता. समुद्र आणि शेतं यांच्या मधल्या नापीक वाळवंटी पट्ट्याला स्कॉटलंडमध्ये लिंक्स म्हणतात, आणि नांगर चालत नाही अशा त्या जमिनीवर मेंढ्यांनी कुरतडलेल्या गवतात तो वाढला. फवारे नंतर आले, दुसऱ्या हवेच्या देशांनी हिरवागार गालिचा मागितला तेव्हा.

पहिले सहा होल सपाटीवर आहेत आणि सौम्य आहेत. सातव्याला तुम्ही टेकडीच्या माथ्यावर चढता आणि समोर अटलांटिक उघडतो. तिथून पुढे गवताने झाकलेल्या वाळूच्या टेकड्यांतून वाट. वारा असा की सात नंबरच्या आयर्नने मारलेला माझा चेंडू वर गेला, अडला आणि जवळजवळ माझ्याच दिशेने खाली आला. मुलगा म्हणाला, "आई, उंच मारू नकोस, सरपटी मार." रानीखेतला उंच मारायला शिकलेल्या हाताला ते वळण लागायला चार होल गेले. नंतर मात्र चेंडू उतारावरून घरंगळत, उजवीकडे वळून, स्वतःची वाट शोधत ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या गवतावर, जाताना बघणं हाच आनंद होऊन बसला. सोळावा होल 'ओल्ड टॉम्स पल्पिट', म्हणजे चर्चमधल्या प्रवचनाच्या चौथऱ्यासारखा. ग्रीन उंचावर, पलीकडे खोल खळगा. मी तीन वेळा त्या खळग्यात उतरले.

याच जातीची आणखी मैदानं स्कॉटलंडमध्ये आहेत. ॲरन बेटावरचं शिस्किन बारा होलचं आहे. तिथल्या लोकांना बारा पुरतात, आणि मला तो हिशेब फार आवडला. पूर्व किनाऱ्यावरचं ब्रोरा जेम्स ब्रेड या गोल्फपटूने १९२३ मध्ये नव्याने आखलं. हॅरिस बेटावरचं स्कॅरिस्टा नऊ होलचं, आणि रविवारी बंद, कारण तो देवाचा वार. साउथ उइस्ट कॅथलिक असल्यामुळे तिथे रविवारी खेळता येतं. जायचं तर मे ते सप्टेंबर, आणि बोटीच्या आधीनंतर एकेक दिवस हाताशी ठेवून, कारण वारा बिघडला की बोट सुटत नाही.

शेवटच्या काही होलांवर एक म्हातारे क्रॉफ्टर आमच्याबरोबर खेळले. माझ्या गायरानाबद्दल त्यांनी बारीकसारीक विचारलं: किती जनावरं, पाणी कुठलं, भांडणं कोण मिटवतं. मग म्हणाले, गुरं चरायला सोडल्यावर तुम्ही पोरं काय खेळायचात? मी म्हटलं, विटीदांडू. त्यांना काही उलगडेना. तोंडाने सांगून तो खेळ समजत नाही.

खेळ संपला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते, पण जूनमध्ये तिथे दहापर्यंत उजेड असतो. टेकडी ओलांडून आम्ही किनाऱ्यावर उतरलो. लाटांनी आणून टाकलेल्या लाकडांतून मी एक हातभर काठी आणि एक वीतभर तुकडा निवडला. ह्यांनी खिशातल्या चाकूने तुकड्याला दोन्हीकडे टोक काढलं. ओल्या वाळूत टाचेने गल पाडली, विटी आडवी ठेवली आणि कोलली. साठीला आलेल्या हाताने मारली असूनही ती वाऱ्यावर बरीच लांब गेली.

"आता मोजायचं," मी म्हटलं आणि दांडू वाळूवर टाकत निघाले. वकट, लेंड, मूंड, नाल. म्हातारबाबा गुडघ्यांवर हात ठेवून शेजारून चालत होते आणि प्रत्येक शब्द माझ्यामागून म्हणत होते. मूंडला अडखळले, परत म्हटला. मग दांडू माझ्या हातातून घेतला आणि गलीपासून पहिल्यापासून स्वतः मोजायला लागले.