स्पॉल्डिंग, ॲल्बर्ट गुडविल
(२ सप्टेंबर १८४९, काहींच्या मते १८५० – ९ सप्टेंबर १९१५). अमेरिकन बेसबॉलपटू, संघ-प्रशासक व क्रीडासाहित्याचा उत्पादक. पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) म्हणून नावलौकिक मिळविल्यावर संघाचा कारभार हाती घेणाऱ्यांपैकी तो अगदी आरंभीचा होय. जन्म इलिनॉय राज्यातील बायरन येथे. बालपण रॉकफर्ड येथे गेले. तेथील ‘फॉरेस्ट सिटी’ संघाने १८६७ मध्ये वॉशिंग्टनच्या बलाढ्य ‘नॅशनल्स’ संघाला २९–२३ असे हरविले, तेव्हा या तरुण पिचरकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

१८७१ मध्ये हॅरी राइटने त्याला बॉस्टनच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ या व्यावसायिक संघात घेतले. त्या काळी चेंडू खांद्याखालून व ४५ फुटांवरून (सु. १३·७ मी.) फेकावा लागे आणि एकच पिचर संघाचे बहुतेक सामने खेळे. त्यामुळे १८७५ मधील त्याच्या ५४ विजय व ५ पराभव या कामगिरीची आजच्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. मात्र त्याच्या समकालीनांत त्याला तोड नव्हती, हे निश्चित. १८७२ ते १८७५ अशी सलग चार वर्षे बॉस्टनने अजिंक्यपद मिळविले.

याच सुमारास शिकागो संघाचा विल्यम हल्बर्ट याने हंगाम चालू असतानाच त्याच्याशी व बॉस्टनच्या आणखी तीन खेळाडूंशी गुप्तपणे करार केला. हे तत्कालीन नियमांविरुद्ध होते. बडतर्फीची भीती टाळण्यासाठी हल्बर्टने फेब्रुवारी १८७६ मध्ये ‘नॅशनल लीग’ ही नवी संघटनाच उभी केली व स्पॉल्डिंगने त्याला साहाय्य केले. त्या वर्षी ४७ सामने जिंकून त्याने शिकागोला लीगचे पहिले अजिंक्यपद मिळवून दिले. त्याच वर्षी त्याने भावासह शिकागोत क्रीडासाहित्याचे दुकान काढले. पुढील वर्षी पिचरची जागा सोडून तो पहिल्या तळावर (फर्स्ट बेस) हातमोजा घालून खेळू लागला. हातमोजा घालणे तोवर भेकडपणाचे मानले जाई. स्पॉल्डिंगने घातल्यावर ती टीका ओसरू लागली व त्याच्या दुकानातील हातमोज्यांनाही गिऱ्हाईक मिळाले.

१८७८ नंतर तो खेळातून निवृत्त झाला आणि १८८२ मध्ये हल्बर्टच्या मृत्यूनंतर शिकागो संघाचा अध्यक्ष झाला. स्वतः करार झुगारून आलेला हा खेळाडू आता खेळाडूंना संघाशी बांधून ठेवणाऱ्या ‘राखीव कलमा’चा (१८७९) खंदा पुरस्कर्ता बनला. या कलमान्वये खेळाडूला मालकाच्या संमतीशिवाय अन्य संघात जाता येत नसे. मालकाला मात्र त्याची विक्री करता येई. लोकप्रिय खेळाडू किंग केली याला स्पॉल्डिंगने १८८७ मध्ये १०,००० डॉलरना बॉस्टनला विकले. पुढील वर्षी जॉन क्लार्कसन या पिचरचीही तेवढ्याच किंमतीला विक्री केली.

खेळाच्या प्रसारार्थ १८८८-८९ मध्ये त्याने दोन संघांचा जगप्रवास घडवून आणला. हवाई, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, कोलंबो, ईजिप्त, इटली, फ्रान्स व ब्रिटन असा तो मार्ग होता. ईजिप्तमध्ये पिरॅमिडांच्या पायथ्याशीही सामना झाला. याच काळात मायदेशी मालकांनी वेतनावर मर्यादा घातल्या व जॉन माँटगोमेरी वॉर्ड याच्या नेतृत्वाखाली असंतुष्ट खेळाडूंनी १८९० मध्ये स्वतःची ‘प्लेयर्स लीग’ स्थापिली. तिच्याविरुद्धच्या लढ्याची सूत्रे स्पॉल्डिंगकडे होती. केलीला फोडण्यासाठी आपण १०,००० डॉलर देऊ केले होते व त्याने ते नाकारले, अशी कबुली त्याने पुढे स्वतःच दिली आहे. पैशाने खेळाडू सारे फुटले नाहीत, पण त्यांचे भांडवलदार डगमगले. नॅशनल लीगलाही तोटा होत होता. तो लपवून स्पॉल्डिंगने भांडवलदारांशी वाटाघाटी केल्या आणि एका हंगामातच प्लेयर्स लीग संपुष्टात आली. राखीव कलम मात्र १९७५ मधील लवादाच्या निर्णयापर्यंत टिकून राहिले.

१८९१ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडले. बेसबॉल हा अस्सल अमेरिकन खेळ आहे, हे सिद्ध करण्याचा त्याचा आग्रह होता. इंग्रज कुळीचा पत्रकार हेन्री चॅडविक तो ‘राउंडर्स’ या खेळापासून आल्याचे मानी. या वादासाठी नेमलेल्या मिल्स समितीने (१९०५–०७) ॲब्‌नर डबलडे याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे हा खेळ शोधून काढला, असा निष्कर्ष काढला. वस्तुतः त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात होता. त्यामुळे हे मत इतिहासकारांनी त्याज्य ठरविले आहे. अमेरिकाज नॅशनल गेम (१९११) हा स्पॉल्डिंगचा ग्रंथ खेळाच्या इतिहासाइतकाच लेखकाच्या अभिनिवेशाचाही पुरावा आहे.

अखेरच्या वर्षांत तो कॅलिफोर्नियातील पॉइंट लोमा येथील थिऑसॉफिकल वसाहतीत राहत होता. १९१० मध्ये त्याने सीनेटच्या जागेसाठी केलेला प्रयत्न अयशस्वी झाला. पॉइंट लोमा येथे त्याचे निधन झाले. १९३९ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचा समावेश करण्यात आला. हे स्मारक कूपर्सटाउन येथेच आहे.