कळशी भरली हे कानाला कसे कळते?

पहाटे नळाला पाणी येते. आमची आई अंथरुणातूनच हाक देते, "बंद कर गं नळ, भरली कळशी!" तिला तिथून काही दिसत नाही, तरी तिचा अंदाज चुकत नाही. भांडे भरत येते तसा आवाज बारीक होत जातो, हे आपण सारेच ऐकतो. तो का होतो, हे आमच्या घरात कुणी विचारले नव्हते. विचारले ते नववीतल्या पुतणीने. तिच्या शाळेची प्रयोगशाळा वर्षातून कितीदा उघडते, ते न सांगितलेलेच बरे.

भांड्यात पाण्यावर उरलेली हवा थरथरते. पाणी चढते तशी हवेला जागा कमी उरते आणि तिची थरथर जलद होते. जलद थरथर म्हणजेच बारीक आवाज.

ही थरथर मोजायला घरचा मोबाईल पुरतो. जर्मनीतील आखेनच्या विद्यापीठाने २०१६ साली 'फायफॉक्स' नावाचे मोफत ॲप काढले. समोरचा आवाज सेकंदाला किती कंपनांचा, ते त्यावर दिसते. रविवारी आम्ही वायरिंगच्या नळीचा २५ सेंटिमीटरचा तुकडा घेतला, खालचे तोंड तळहाताने बंद केले आणि वरच्या तोंडावरून आडवी फुंकर मारली. पहिल्या दहा फुंकरी वायाच गेल्या. वहिनी हसत होत्या. मग आकडा आला, ३३५ च्या आसपास.

एका टोकाला बंद असलेल्या नळीच्या मूळ स्वराची लहर नळीच्या चौपट लांब असते, म्हणजे इथे १ मीटर. सेकंदाला अशा ३३५ लहरी, म्हणून आवाजाचा वेग सेकंदाला ३३५ मीटर! ३० अंश तापमानाला खरा वेग ३४९ च्या जवळ असतो. मग आमचा कमी का? नळीतली हवा तोंडाबाहेरही थोडी थरथरते, त्यामुळे नळी आहे त्याहून जरा लांब असल्यासारखी वागते. पुतणीला उत्तरापेक्षा ही चूकच जास्त आवडली.

पुढे तिला आवरणे कठीण झाले. फ्रिजची गुणगुण १०० भरली. आपल्याकडे विजेची आवर्तने सेकंदाला ५०, आणि प्रत्येक आवर्तनात चुंबकाची ओढ दोनदा. पालकहो, मुलांच्या हातचा मोबाईल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसून पाहा.

आता तिला माठ मोजायचा आहे. आई बाजारात माठ बोटाने वाजवूनच घेते. तडा गेलेला खणखणत नाही, बद्द वाजतो. वहीत त्यासाठी कोरे पान ठेवले आहे. तडकलेला माठ तेवढा मिळायचा आहे, आणि घरातला आई फोडू देत नाही.